भोकाचा सातबारा

सूर्यापासून गच्चीपर्यंतचं अंतर साधारण 15 कोटी किलोमीटर. प्रकाश ते सव्वाआठ मिनिटांत कापतो आणि या सबंध प्रवासाबद्दल आजवर कोणाची तक्रार ऐकू आलेली नाही. वाटेत टोलनाका नाही, खोदकाम नाही, 'पर्यायी मार्गाचा वापर करावा' असा फलक नाही. पॅनेलवर पडलेल्या प्रकाशाची वीज होते, ती इन्व्हर्टरमधून मीटरपर्यंत जाते, तिथवरही सगळं सुरळीत असतं. घोडं पेंड खातं ते पॅनेलखालच्या शेवटच्या सहा-आठ इंचांत. एप्रिलमध्ये स्ट्रक्चर उभं राहतं, मे महिन्यात विजेचं बिल बघून घरातली माणसं एकमेकांकडे कौतुकाने पाहतात, आणि मृगाच्या दोन-चार दमदार सरी होऊन गेल्या की दिवाणखान्याच्या छतावर एक डाग उमटतो. पहिल्या दिवशी तो रुपयाएवढा असतो. आठवड्याभरात त्याला नकाशात शोभेल असा किनारा येतो, मग रंगाचे पोपडे सुटतात, आणि ज्या घरात कालपर्यंत 'आज किती युनिट झाले?' अशी चौकशी चालायची तिथे 'आज किती बादल्या झाल्या?' अशी सुरू होते.

ही चार घरांची रड असती तर तिच्यावर एवढी शाई खर्चायचं कारण नव्हतं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली. तिचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आणि तरतूद 75,021 कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, असं मिळून तीन किलोवॉटच्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं. तीन किलोवॉट म्हणजे हल्लीच्या मापाची सहा पॅनेलं. ती पेलायला चार ते सहा पाय लागतात आणि प्रत्येक पायाच्या तळपट्टीला सहसा चार बोल्ट. कमीत कमी हिशेब धरला तरी घरामागे 16 भोकं, म्हणजे कोटी घरांना 16 कोटी भोकं. सगळीच छतं स्लॅबची नसतात आणि सगळीकडेच ड्रिल चालवत नाहीत, हे कबूल. तरी निम्मी वजा करा, आठ कोटी उरतात. देशाच्या इतिहासात छतांना भोकं पाडण्याचा एवढा मोठा कार्यक्रम याआधी फक्त माकडांनी आणि गारपिटीने हाती घेतला असेल, आणि त्यांना अनुदान नव्हतं.

इथे लगेच ड्रिलमशीनवर खापर फोडायची घाई नको. भोकं आपण घरभर पाडतो. पंख्याच्या हुकासाठी, पडद्याच्या दांडीसाठी, एसीच्या नळीसाठी पाडतो, आणि त्यातली बहुतेक आयुष्यभर निमूटपणे आपापलं काम करतात. माझं म्हणणं असं की सोलरच्या भोकातून पाणी येतं कारण त्या भोकाला मालक नसतो. मालक असला की भोकाचं काय होतं याचा एक जुना दाखला आहे. रॉलप्लग नावाची जी वस्तू आज प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते, तिचं पेटंट 1911 सालचं. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायचं काम आलं होतं आणि भिंतींना कमीत कमी इजा व्हावी अशी अट होती. म्हणजे काम विजेचंच, प्रश्न भोकाचाच. पण भिंतीचा मालक जागा होता आणि जाब विचारणार होता, म्हणून भोकाला शोधाचा दर्जा मिळाला. आपल्या गच्चीवर जाब विचारणारा माणूस त्या वेळी खाली चहा सांगायला गेलेला असतो.

महाराष्ट्रात मालकीचा प्रश्न निघाला की माणूस सातबारा काढतो. दहा गुंठ्यांवर सात भावांची नावं, विहिरीत कोणाचा किती आणे हिस्सा, बांधावरचा आंबा कोणाचा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा किती, सगळं त्या कागदावर असतं. पण 12 मिलिमीटर व्यासाच्या या भोकाचा उतारा काढायला गेलं तर कोणत्याच दप्तरात नोंद सापडत नाही. सोलरवाल्याचं हमीपत्र वाचा. पॅनेलची 25 वर्षांची हमी असते, इन्व्हर्टरची तिच्याहून कमी, योजनेखालच्या यंत्रणेची पाच वर्षं देखभाल असते, स्ट्रक्चरला गंज न चढण्याची ग्वाही असते. ही सगळी भोकाच्या वरची मालमत्ता. वॉटरप्रूफिंगवाल्याचं हमीपत्र काढा. सात किंवा दहा वर्षं थेंब येणार नाही असं तो लिहून देतो आणि खाली बारीक अक्षरांत घालतो की नंतर कोणी तोडफोड किंवा छिद्र केल्यास हमी रद्द. तिसरा असामी बिल्डर. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तो गच्चीवर येतो, बोल्टकडे बोट दाखवतो आणि कायद्याच्या कक्षेतून जिन्याने खाली उतरतो. अशा तीन भक्कम हमींच्या बरोबर मधोमध ते भोक उभं असतं. तीनही कागदांत त्याचा उल्लेख आहे म्हटलं तर आहे. तिन्ही ठिकाणी तो 'वगळून' या शब्दाच्या आसपास आहे.

संवादही ठरलेले आहेत. सोलरवाला म्हणतो, "साहेब, आम्ही सीलंट मारून दिलंय, तुमचा कोबाच जुना आहे." वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, "काका, ड्रिल मारायच्या आधी एक फोन करायचा होता." दोघंही खरं बोलतात, हीच यातली अडचण आहे. एक जरी खोटं बोलत असता तर त्याला पकडता आलं असतं. प्रत्यक्ष भोक ज्याने पाडलं तो कामगार तर या संभाषणात कुठेच नसतो. त्याला जागेमागे मजुरी मिळते, तो त्याच दुपारी दुसऱ्या गच्चीवर असतो, आणि बोल्ट किती खोल जावा हे त्याला सांगितलेलं असतं; खाली काय आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

खाली काय आहे हे घरमालकालाही सहसा ठाऊक नसतं, म्हणून थोडं खोलात जाऊ. गच्चीवर आपण ज्यावर चालतो तो स्लॅब नव्हे. स्लॅब सगळ्यात खाली, पाच-सहा इंचांचा, लोखंडी सळ्यांचा. त्यावर कोबा, म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात बसवून पाण्याला ढाळ काढलेला थर. त्यावर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे किंवा सिमेंटचा गिलावा, आणि गच्चीच्या कठड्याला टेकतो तिथे गोलसर वाटा. पाणी अडवण्याचं खरं काम या वरच्या कातडीचं. ती अखंड आहे तोवर आतली वीट कोरडी आणि सभ्य असते. साधी वीट पाण्यात बुडवून ठेवली आणि तिने स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिलं, तरी भारतीय मानकानुसार ती पास होते. इतकं पिऊन पास होण्याची सवलत इतर कुठल्याच क्षेत्रात नाही. आता बोल्ट आखूड असला तर तो कोब्यातच अडकतो, आणि वीट-मसाल्याच्या थरात रुतलेला बोल्ट म्हणजे बिस्किटात खोचलेली काडी. लांब असला तर कोबा भेदून स्लॅबमध्ये घट्ट बसतो, पण वरच्या कातडीपासून काँक्रीटपर्यंत एक सरळ नळ तयार होतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे, पाण्यासकट.

त्यात हे पाणी सरळमार्गी नाही. भोकातून उतरलं की ते कोब्याच्या पोटात आडवं फिरतं, विटांना पाजतं, स्लॅबवरच्या ढाळाने सरकतं, आणि एखादी चीर किंवा पंख्याच्या वायरची नळी सापडली की तिथून खाली येतं. बोल्ट दक्षिणेच्या कोपऱ्यात आणि डाग देवघरात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण ज्याने काढली त्याच्या घराला कोबा होता की काय, अशी शंका येते. शिवाय विटांनी साठवलेलं पाणी सवडीने सुटतं. पाऊस सोमवारी उघडतो, छत गुरुवारपर्यंत ठिबकतं, आणि शुक्रवारी दुरुस्तीवाला येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं. तो मान हलवून जातो. वरवर हे सगळं ओलीपुरतं वाटतं, पण काँक्रीटमधल्या सळीला संरक्षण मिळतं ते काँक्रीटच्या क्षारतेमुळे. पाणी आणि हवा तिथवर पोचली की सळी गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि छताचा तुकडा खाली येतो. त्या 16 भोकांचं एकत्र क्षेत्रफळ काढलं तर ते साधारण 18 चौरस सेंटिमीटर भरतं. काडेपेटीच्या एका बाजूएवढं.

बोल्ट सोडून पॅनेलचाही यात एक हात आहे, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. महाराष्ट्रात पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण 15 ते 20 अंशांत कललेलं असतं. उन्हासाठी ती बैठक आदर्श आहे, आणि पावसासाठी तर ते चक्क छप्पर आहे. सहा पॅनेलांचा पसारा 15 चौरस मीटरच्या घरात जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. मुंबईच्या पावसाळ्यात दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे मोसमात सुमारे 30 हजार लिटर पाणी, दहा हजारी तीन टँकर, पॅनेलांच्या खालच्या कडेवरून एकाच रेषेत गच्चीवर ओतले जातात. पूर्वी एवढंच पाणी 15 चौरस मीटरवर विखरून पडायचं. आता त्याची पागोळी झाली, आणि पागोळी जिथे पडते तिथे कोकणातलं अंगणसुद्धा खणलं जातं म्हणून तिथे दगड लावतात. इथे बहुतेक वेळा पुढच्या पायांचे बोल्ट असतात. त्यात पॅनेलखालच्या सावलीत कबुतरं संसार थाटतात. काड्या, पिसं आणि इतर दानधर्म पाण्याच्या तोंडाशी साचतो, जाळी तुंबते, गच्चीचं तळं होतं. कबुतराला यात दोष देता येत नाही. हवेशीर, वरून पत्रा, खालून मोकळं, भाडं नाही. त्याच्याही दृष्टीने ते सूर्यघरच आहे.

आता एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. छत आधीपासून गळकंच होतं, सोलर नुसतं निमित्त झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. हे पुष्कळ घरांत खरं असतं. 20-25 वर्षांचा कोबा, भर उन्हात तापून पहिल्या सरीत अचानक गार होणारी कातडी, तिला गेलेले केसाएवढे तडे, वर 28-28 किलोची पॅनेलं ओढत नेणारे चार जण. गळतीला कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. शिवाय पॅनेलं उन्हाळ्यात बसतात आणि पाऊस लगेच मागून येतो, तेव्हा आधी ते मग हे, म्हणून त्यामुळेच हे, असा तर्क कोणीही करतो. म्हणून आरोप करण्यापूर्वी दोन खुणा बघाव्यात. पॅनेलं दर पंधरवड्याला धुतात. पावसाचा मागमूस नसताना एप्रिलमध्ये धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ओल दिसली तर पाण्याने स्वतःच कबुलीजबाब दिला असं समजावं. दुसरी खूण, गच्चीत दोन-तीन इंच पाणी तुंबवून दोन दिवस ठेवायचं आणि खाली बघत बसायचं. ही चाचणी पॅनेलं बसवण्यापूर्वी एकदा आणि भोकं पाडल्यावर पुन्हा एकदा केली तर गुन्हा कोणाचा हे आपोआप ठरतं. ती कोणीच करत नाही, कारण निकाल कळण्यात कोणाचाच फायदा नसतो. गळती आधीची निघाली तर घरमालकाचा खर्च, नंतरची निघाली तर कंत्राटदाराचा. अंधार दोघांनाही परवडतो, आणि तोही अशा योजनेत जिच्या नावात सूर्य आहे.

मग भोकंच कशाला पाडायची, असा दुसरा प्रश्न कोणीतरी विचारतोच. वजन ठेवून भागवा की! या मागणीमागे मोठी परंपरा आहे. गच्चीवर सौर ऊर्जा वापरायला आपल्याला कोणत्याही मंत्रालयाने शिकवलेलं नाही. कुरडया, पापड, सांडगे, शेवया हे सगळं त्याच खात्यातलं काम, आणि वाळवणाची साडी वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवत. एकाही सांडग्यासाठी स्लॅबला ड्रिल लागल्याची नोंद नाही. परदेशांत सपाट छतांवर हीच दगडांची युक्ती काँक्रीटच्या ठोकळ्यांनी करतात. पण सांडगा आणि पॅनेल यांत वाऱ्याच्या दृष्टीने फरक आहे. भारतीय मानकानुसार मुंबई-नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, पुण्यासाठी 39. ताशी 158 किलोमीटरच्या त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो भरतो. 15 चौरस मीटरचा कललेला पत्रा म्हणजे पावणेदोन टनांची पतंगबाजी. कोन, उंची, आडोसा यांप्रमाणे हा आकडा खालीवर होतो, पण पॅनेलांचं स्वतःचं वजन जेमतेम 170 किलो. उरलेलं ठोकळ्यांनी भरून काढायचं तर घनफुटाचे दोन डझन ठोकळे गच्चीत मांडावे लागतील. ते स्लॅबला झेपतील का हे आधी बघावं लागेल, आणि ढाळाच्या वाटेत बसले तर प्रत्येक ठोकळ्यामागे एक छोटं धरण तयार होईल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडची पत्र्यांची छपरं कशी गेली हे ज्यांनी पाहिलं, ते बोल्टाविषयी आदराने बोलतात. तेव्हा कुठे वजन, कुठे भोक, हे गच्ची बघून ठरवायचं काम आहे. सध्या ते बोल्टांचं खोकं गाडीत आहे की नाही, यावरून ठरतं.

जुन्या छपरांचा एक गुण या निमित्ताने आठवावा असा आहे. ती गळतात हे सर्वांना मान्य होतं. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पण नळ्याचं छप्पर असो की मंगलोरी, पावसाआधी शाकारणी ठरलेली. माणूस वर चढायचा, फुटकं काढायचा, सरकलेलं बसवायचा. मराठवाड्या-खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर दर वर्षी पांढऱ्या मातीचा थर चढायचा. छप्पर ही जनावरासारखी पोसायची वस्तू होती. मग स्लॅब आला आणि आपण छताला निवृत्तिवेतन लावून टाकलं. 'स्लॅबचं घर' या शब्दांत जी ऐट होती तिचा खरा अर्थ 'आता वर बघायला नको' असा होता. दोन पिढ्या आपण वर बघितलं नाही, आणि सोलरच्या निमित्ताने बघितलं ते एकदम वरच, सूर्याकडे. मधला थर नजरेतून सुटला. मराठीत नियम धाब्यावर बसवतात. पॅनेलंही तिथेच बसवली, एवढाच फरक.

सीलंटचं नाव निघालंच आहे तर त्या नळकांडीविषयी दोन शब्द. बोल्टाभोवती दाबलेली पांढरी मलमपट्टी पाहून घरमालकाला जो दिलासा मिळतो तो बव्हंशी मानसिक असतो. चांगलं रसायन भोक साफ करून, फुंकून, कोरडं करून आत भरलं तर ते पाणी अडवतं आणि बोल्टही धरतं. ड्रिलच्या भुकटीवरून वरच्यावर फिरवलेलं काही वर्षं उन्हात भाजून कडा सोडतं. मुख्य गडबड आहे ती वयाची. पॅनेलची हमी 25 वर्षांची, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची सात-दहा. म्हणजे पॅनेल तरुण असतानाच खालची कातडी दोनदा म्हातारी होणार, आणि वर स्ट्रक्चर उभं असताना ती बदलायची तर सगळं उतरवून पुन्हा चढवायचं, त्याचा खर्च वेगळा. साधा शहाणपणा असा की गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करावं, पायांचे चौथरे त्याच कामात बांधून वरपर्यंत कातडी चढवून घ्यावी, पाणी तुंबवून बघावं, मगच पॅनेलं. आपल्याकडे अनुदानाचा अर्ज आधी जातो, सोलर बसतं, गळतं, आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याची चौकशी सुरू होते. वरातीमागून घोडं म्हणावं तर इथे वरात गच्चीवर चढून बोल्टाने पक्की बसलेली असते आणि घोडा जिन्यात अडकलेला असतो.

फ्लॅटवाल्यांचं प्रकरण आणखी रंगतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. लिफ्ट आणि पंपासाठी गच्चीवर सोलर बसलं की फायदा सगळ्या मजल्यांना आणि डाग सगळ्यात वरच्याला. पहिल्या मजल्यावरचे सभासद सौर ऊर्जेबद्दल वार्षिक सभेत फार तळमळीने बोलतात, याचं कारण पर्यावरणप्रेम असेलच, पण त्यांच्या आणि त्या 16 भोकांच्या मध्ये तीन-चार कुटुंबं राहतात हेही असावं.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग सोलर नकोच. असा निष्कर्ष काढणं म्हणजे उवा झाल्या म्हणून डोकं उतरवून ठेवणं. तीन किलोवॉटची यंत्रणा दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज देते, पॅनेलांच्या सावलीने खालची खोली उन्हाळ्यात थोडी निवते, कातडीलाही ऊन कमी लागतं. पावसाळ्यात वीज कमी होते, हे मात्र आहे. ज्या चार महिन्यांत पॅनेल सगळ्यात कमी देतं त्याच चार महिन्यांत छत सगळ्यात जास्त देतं. पण या दुसऱ्या उत्पादनाला इलाज आहे आणि तो एका पानाचा आहे. भोकं किती, कुठे, किती खोल, आत काय भरलं, झाकण्यापूर्वीचे फोटो, पाणी तुंबवल्याची तारीख, आणि खाली तीन सह्या: घरमालकाची, सोलरवाल्याची, वॉटरप्रूफिंगवाल्याची. कंत्राटदार सही करणार नाही असं म्हणतात. तीन ठिकाणी दर मागवा. जो भोकाची जबाबदारी लिहून देईल तो काही हजार जास्त सांगेल, आणि ते जास्त का आहेत हे त्यालाच माहीत आहे, म्हणून तोच बरा.

तो कागद होईपर्यंत निदान उतारा तरी भरून ठेवता येईल. गाव नमुना सात. क्षेत्र: व्यास 12 मिलिमीटर, खोली 100. भोगवटादाराचं नाव: रकाना कोरा. इतर हक्क: पाण्याचा वरून खाली जाण्याचा वहिवाटीचा हक्क, कबुतरांची कूळ म्हणून नोंद. गाव नमुना बारा. हंगाम: खरीप. पीक: ओल, बुरशी, मिश्र पीक पोपडे. जलसिंचनाचं साधन: आकाश. लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन: खालचा दिवाणखाना. शेरा: दिवाळीनंतर बघू, साहेब.